पेटीचं खालचं दार

तारीखकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि चिठ्ठी परत वाचली. अक्षर त्यांचंच. चोवीसमधला 'च' असा पोट फुगवून काढणारा माणूस अख्ख्या कारखान्यात दुसरा नव्हता. खाली सही म्हणून मारलेली शेपटी, तीही त्यांचीच. नाही म्हणायला जागाच नव्हती.

खिडकीपलीकडे दोन कुबड्यांवर तोल सावरत एक बाई उभी होती. चाळिशीची, उन्हानं रापलेली, डावा पाय गुडघ्याखाली नाही.

"काका, चोवीस दिवस म्हणाला होतात," ती म्हणाली. "मी घरी भिंतीवर रेघा मारत होते. शंभर झाल्या आणि दाराची चौकट आली, म्हणून थांबले. आज कॅलेंडर काढून मोजलं."

"किती झाले?"

"एकशे ऐंशी."

काकांच्या हातातलं पेन गडगडत टेबलाखाली गेलं. ते उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. एकोणीस वर्षं खिडकीवर बसलेल्या माणसाला ओरडा म्हणजे पंख्याचा आवाज, चालू असला की ऐकू येत नाही. पण ही बाई नुसती उत्तराची वाट बघत होती.

"इतके दिवस आला का नाहीत, ताई?"

"पाय तयार झाला की पत्र येईल म्हणालात ना! अहो, मी टपाल वाटते. बावीस वर्षं लोकांना सांगतेय, पत्र आलं की आणून देईन, रोज रोज विचारू नका. मग मीच कशी विचारायला येऊ?" ती जराशी हसली, मग हसू आवरून म्हणाली, "आताही आले नसते. पण सोमवारी सकाळी नऊला मला कामावर हजर व्हायचंय. पोस्टमास्तरांनी दोनदा रजा वाढवून दिली. तिसऱ्यांदा त्यांच्या हातात नाही. सोमवारी दोन पायांवर उभी राहून पिशवी खांद्याला लावली नाही, तर ती दुसऱ्याच्या खांद्याला जाईल. कायमची."

आणि तो दिवस बुधवार होता.

आता तारीखकाका कोण ते सांगायला हवं, नाहीतर एका चिठ्ठीवरून माणूस एवढा का हादरला ते कळायचं नाही.

गावातले लोक ज्याला पायांचा कारखाना म्हणत, तिथं लाकडाचे, चामड्याचे आणि हल्ली प्लास्टिकचे पाय बनत. ज्याचा पाय गेला त्याला नवा, ज्याचा बिघडला त्याला दुरुस्त करून. काम करायला तीन टेबलं आणि तीन मिस्त्री. काका स्वतः तरुणपणी तिथंच, तेव्हा असलेल्या चौथ्या टेबलावर पट्टे शिवायचे, खिळे ठोकायचे, बोल्ट बदलायचे. मग एकदा खिडकीवरचा कारकून आजारी पडला आणि काकांना दोन दिवसांसाठी तिथं बसवलं. ते दोन दिवस अजून संपलेले नव्हते.

कारण काय, तर इतर सगळीकडे खिडकीवरचा माणूस "बघू", "होईल", "पुढच्या आठवड्यात चक्कर मारा" असं म्हणतो. काका दिवस सांगायचे. मोजून. "अठरा दिवसांनी तुमचं काम टेबलावर चढेल," म्हणाले की सतराव्या नाहीतर एकोणिसाव्या दिवशी चढायचंच. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं पैज लावली, की तारीख चुकली तर काकांनी त्याला चहा पाजायचा, नाहीतर त्यानं अख्ख्या कारखान्याला. त्या दिवशी मिस्त्रींनी प्रत्येकी तीन कप चहा प्यायला आणि ड्रायव्हर नव्या पायावर चालत, स्वतःलाच शिव्या घालत घरी गेला. तेव्हापासून 'तारीखकाका' हे नाव चिकटलं. खरं नाव काय होतं ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक.

घरी मात्र या विद्येला काडीची किंमत नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराची कडी अकरा वर्षांपूर्वी निखळली होती. काकू तिथं सुतळी बांधून काम भागवायच्या.

"कडी कधी बसवणार?" काकू महिन्यातून एकदा विचारायच्या.

"बसवू की."

"जगाला तारीख, आणि मला 'बसवू की'!"

काका वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरायचे. नळ गळला, दिवा गेला, पाहुणे आले, की कडी मागे पडायची. तिच्यात तातडीचं असं काही नव्हतंच ना!

तर काकांची युक्ती अशी होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचा एक जाड पुठ्ठा करायचा. ज्याचा वापरातला पाय मोडला आणि माणूस जागच्या जागी अडकला, त्याला लाल. ज्या मुलांची उंची वाढली आणि पाय आखूड पडला, त्यांना पिवळा. ज्याला पहिल्यांदाच नवा पाय हवा, आणि जो कुबड्यांवर का होईना पण हिंडतोय, त्याला पांढरा. टेबल रिकामं झालं की मिस्त्रीनं आधी लाल पेटीत बघायचं, तिथं काही नसेल तर पिवळ्या, आणि दोन्ही रिकाम्या असतील तरच पांढऱ्या. आणि एकदा टेबलावर चढलेलं काम मधेच उतरवायचं नाही, मग दारात लाल पुठ्ठेवाला येऊन उभा राहो.

वर्षभरापूर्वी नव्या मॅडम कारखाना सांभाळायला आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काका, हे दिवस तुम्ही काढता कुठून?"

काका खुलले. "सोपं आहे. समजा, आता दोन लाल, दोन पिवळे आणि सात पांढरे वाट बघतायत. लालाला एक दिवस लागतो, पिवळ्याला दोन, पांढऱ्याला तीन. दोन अधिक चार अधिक एकवीस. किती झाले?"

"सत्तावीस."

"टेबलं तीन. पण मी तीन धरत नाही. सहा हातांचा एकच मिस्त्री बसलाय असं धरतो. अगदी बरोबर नाही ते, पण टेबलं सदा भरलेली असली की फार फरक पडत नाही. सत्तावीसला तिनानं भागा. नऊ."

"मग नऊ दिवस सांगायचे."

"तिथंच तर सगळे फसतात!" काकांनी टेबलावर थाप मारली. "त्या नऊ दिवसांत नवे लाल-पिवळे येणारच की! आणि ते पांढऱ्याच्या डोक्यावरून पुढे जाणार. माझ्या वह्या सांगतात, आठ घास काम असलं तर पाच घास लाल-पिवळे खातात. पांढऱ्याच्या ताटात तीन उरतात. म्हणून नऊ गुणिले आठ, भागिले तीन. चोवीस."

मॅडम थक्क झाल्या. त्या मोठ्या शहरात शिकून आल्या होत्या. म्हणाल्या, "काका, आम्हाला हेच शिकवायला दोन जाड पुस्तकं होती, आणि शेवटी तीही म्हणायची की नेमकं सांगता येत नाही, अंदाजे घ्या."

ते वाक्य काकांनी निदान चाळीस जणांना सांगितलं असेल.

आता हा असला माणूस, आणि समोर एकशे ऐंशी दिवस.

त्यांनी आधी जाणाऱ्यांची वही उघडली. पाय घेऊन गेलेल्यांची नावं त्यात असत. टपालबाईचं नाव नव्हतं. येणाऱ्यांची वही उघडली. तिथं नाव होतं, ठसठशीत. म्हणजे बाई आली होती, पण गेली नव्हती. या दोन वह्यांची एकमेकींशी गाठ घालून द्यावी असं एकोणीस वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं, आणि कुणाच्या म्हणजे काकांच्याच.

"बसा ताई," ते म्हणाले, आणि भिंतीवरच्या पेट्यांकडे गेले.

पेट्या तीन, उभ्या, लाकडी, हातभर उंचीच्या. वरून तोंड उघडं, तिथून पुठ्ठा टाकायचा. खाली बोटभर उंचीचं एक दार, तिथून काढायचा. जो आधी आला तो आधी निघाला. किती पुठ्ठे आहेत ते बघायला काका वरून फूटपट्टी बुडवायचे आणि उंचीवरून आकडा सांगायचे. आत डोकावायची गरजच नसे.

त्यांनी पांढऱ्या पेटीच्या खालच्या दाराला नख लावलं. दार हललं नाही. पुन्हा लावलं. नख तुटलं.

"थोरले!" काकांनी हाक मारली. थोरले मिस्त्री म्हणजे पहिल्या टेबलाचे, काकांच्याच वयाचे, बोलायला फटकळ. "पांढरे पुठ्ठे तुम्ही कुठून काढता?"

"वरून."

"वरून? खालून काढायचे ना!"

"खालचं दार उघडतंय कुठं? रंगारी येऊन गेल्यापासून चिकटलंय ते. आम्ही वरून हात घालतो."

काकांनी दारावरचा रंग बोटानं घासून पाहिला. पाच महिन्यांपूर्वी भिंतींना रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं उत्साहाच्या भरात पेट्याही रंगवल्या होत्या. किती छान दिसतायत म्हणून काकांनीच त्याची पाठ थोपटली होती. लाल आणि पिवळी पेटी दोन दिवसांत रिकामी व्हायची. तिथं वरून काढा की खालून, एखाद्या दिवसाचा फरक. पण पांढरी पेटी कधीच तळापर्यंत रिकामी होत नसे. तिथं जो आत्ता आला तो वर, आणि वरचा तो आधी.

त्यांनी पेटी भिंतीवरून उतरवली आणि टेबलावर उलटी केली. अकरा पुठ्ठे पडले. सहा स्वच्छ, पाच धुळीनं करडे. सगळ्यात तळाचा, ज्याच्या पाठीला रंगाचा ओघळ चिकटला होता, तो टपालबाईचा.

काकांनी तारखा जुळवल्या. रंगारी आला तो बाईच्या वाट बघण्याचा विसावा दिवस होता. तिच्यापुढचे सातही जण निघून गेले होते. ती पेटीच्या अगदी दाराशी होती. चार दिवसांनी तिचं काम टेबलावर चढायचं होतं. आणि त्याच दिवशी ते दार बंद झालं. रांगेत पहिली असलेली बाई एका ब्रशाच्या फटकाऱ्यानं शेवटची झाली, आणि मग रोज नव्यानं शेवटची होत राहिली.

"पण माझी तारीख उलटल्याची तक्रार एकदाही आली नाही!" काका पुटपुटले. "लोक खूश होते हो! चोवीस सांगितले तर दहाव्या दिवशी पाय मिळायचा. येऊन हात हातात घेऊन सांगायचे, काका, तुमच्या आधीच झालं!"

"जे आले ते सांगणारच," थोरले म्हणाले. "जे आलेच नाहीत ते काय सांगणार?"

दर महिन्याला काका सरासरी काढायचे. पाय घेऊन गेलेल्या पांढऱ्यांचे दिवस मिळवायचे, माणसांनी भागायचे. रंगारी येऊन गेल्यावर ती चोवीसवरून तेरावर आली होती. काकांना वाटलं, नव्या रंगानं मिस्त्रींना हुरूप आला. मॅडमनी तो आकडा वर कळवला, वरून कौतुकाचं पत्र आलं, ते चौकटीत घालून भिंतीवर लागलं. आणि त्या चौकटीच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर, पाच माणसं पेटीत पडून होती. ती गेली नव्हती म्हणून मोजली नव्हती, आणि मोजली नव्हती म्हणून सरासरी इतकी देखणी होती.

काकांनी चौकट भिंतीवरून काढली आणि मॅडमच्या खोलीत जाऊन टेबलावर पालथी ठेवली.

"हे काय?"

"खोटं आहे, मॅडम. मी खोटं बोललो नाही, पण हे खोटं आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

मॅडमचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथंच राहिला. "पाच माणसं? पाच महिने?"

"आणि एकीची नोकरी सोमवारी जातेय."

"मग तिला लाल पुठ्ठा द्या! आत्ता!"

काकांनी मान हलवली. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं एकदा पांढऱ्याचा लाल करून मागितला होता, तेव्हा काकांनी नकार दिला आणि दोन वर्षं बहिणीचं बोलणं खाल्लं होतं. "लाल म्हणजे घरातल्या घरात रांगणारा माणूस, मॅडम. आज पेटीत एक लाल आहे. त्याच्या डोक्यावरून तिला काढली, तर माझ्या चुकीचे पैसे त्यानं का भरायचे?"

"मग हिशेब काय म्हणतो?"

काकांनी बोटं मोजली. एक टेबल दुपारी रिकामं होणार, दुसरं उद्या सकाळी, तिसरं परवा, शुक्रवारी सकाळी. पुढे एक लाल, दोन पिवळे. म्हणजे बाईचं काम चढणार शुक्रवारी. शुक्रवार, शनिवार, मधे रविवारची सुट्टी, मग सोमवार. पाय तयार सोमवारी संध्याकाळी.

"आणि तिला हवाय सोमवारी सकाळी," मॅडम म्हणाल्या.

"एका दिवसानं हुकतंय." काकांनी बोटं मिटली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा आकडा चुकावा असं वाटत होतं.

तेवढ्यात दारातून थोरले मिस्त्री म्हणाले, "चौथ्या टेबलाचं काय?"

"चौथं टेबल आहे कुठे?" मॅडमनी विचारलं.

"काका त्याच्यावर कोपरं टेकून बसतात की!"

काकांनी मागे वळून खिडकीतल्या आपल्या टेबलाकडे पाहिलं. वह्या, शाईचे डाग, चिवट रेक्झिनचं आच्छादन. एकोणीस वर्षं. त्यांनी आच्छादन उचललं. खाली खाचा पडलेलं जुनं लाकूड होतं, आणि कडेला गंजलेली लोखंडी पकड. ती फिरवली तर कुरकुरली, पण फिरली.

"नवा पाय माझ्यानं होणार नाही," काका म्हणाले. "पण दुरुस्ती होईल. पट्टे, बोल्ट. लालाचं, अगदी पिवळ्याचंही काम मी करीन."

"मग खिडकीवर कोण?" मॅडमनी विचारलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. "मी? बरं! मी बसते."

काकांनी पुन्हा हिशेब केला, या वेळी चार टेबलांचा. लाल लगेच चौथ्यावर. पहिला पिवळा दुपारी. उद्या सकाळी दोन टेबलं रिकामी, एक दुसऱ्या पिवळ्याला, एक टपालबाईला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी संध्याकाळी पाय तयार. कुणाचा नियम मोडला नाही, कुणाचं डोकं तुडवलं नाही.

"फक्त," ते बाईला म्हणाले, "आज दिवसभरात नवा लाल येता कामा नये."

"मी आता दाराकडे बघत बसू का, काका?"

"मीच बघणार आहे."

आणि खरंच, हातात मोडलेला पाय, समोर बोल्ट, पण काकांची नजर दारावर. सुरुवातीला पाना दोनदा सुटला. मग हातांना हळूहळू ओळख पटली. तिकडे थोरल्या मिस्त्रींनी बाईचं माप नव्यानं घेतलं. सहा महिन्यांत मांस आटतं, जुना साचा ढिला बसला असता.

खिडकीवर मॅडमचा निराळाच गोंधळ चालला होता.

"किती दिवस लागतील?"

"लवकरच."

"लवकरच म्हणजे?"

"म्हणजे... लवकरात लवकर."

"ओ मॅडम, काकांना बोलवा!"

अकराच्या सुमारास दारात एक माणूस लंगडत आला. काकांच्या हातातली हातोडी वरच राहिली. "कोणता पाय मोडला?" त्यांनी जागेवरूनच ओरडून विचारलं.

"मोडला? अहो, नवा बूट चावतोय," तो म्हणाला. तो चामडं पोचवणारा निघाला. काकांनी त्याला बसवून पाणी पाजलं, इतके ते खूश झाले. तो बिचारा बुचकळ्यात पडला, कारण एरवी त्याच्या चामड्याला काका नावंच ठेवायचे.

साडेचार वाजले. कारखाना बंद व्हायला अर्धा तास उरला. आणि तेव्हा एक गवंडी दोघांच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत आत आला. दुसरा पाय त्याच्या काखेत होता. घोट्यातून दोन तुकडे.

"शिडीवरून उतरताना गेला," तो म्हणाला. "काका, उद्या होईल ना?"

थोरल्यांची कानस थांबली. टपालबाईनं त्या तुटलेल्या घोट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या बाजूकडे.

काकांनी उठून पुठ्ठा घेतला. लाल. त्यावर गवंड्याचं नाव लिहिलं. "उद्या सकाळी घेतो तुमचं," ते म्हणाले. मग बाईजवळ आले. "ताई, उद्याची दोन टेबलं या लालाला आणि त्या पिवळ्याला गेली. तुमचं पुन्हा शुक्रवारवर आलं."

"कळलं मला," ती म्हणाली. "तो दुसऱ्यांच्या खांद्यावरून आलाय, काका. मी निदान माझ्या कुबड्यांवर आले."

हे ऐकून काकांना रडूच फुटायचं, पण तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "एक मिनिट! तो पिवळा म्हणजे आमचाच ना?"

बाकावर सकाळपासून विणकाम करत बसलेल्या एक मावशी होत्या. त्यांच्या भाचीचा पाय दोन बोटं आखूड पडला होता, त्याचा पुठ्ठा टाकून नंबर कधी लागतो ते बघत त्या बसल्या होत्या. दिवसभरात त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हो, तुमचाच," काका म्हणाले.

"आम्ही मागे सरकलो तर आमचं कधी होईल?"

"शुक्रवारी चढेल. एक दिवस उशीर."

"मग सरकवा की! एका दिवसात ती पोर काय ताडाएवढी वाढणार आहे? शाळेला सुट्टीच हवी असते तिला, उलट आभारच मानील." मावशींनी सुई बाईकडे रोखली. "आणि तू गं, सोमवारी माझ्या गल्लीत आलीस तर माझ्या बहिणीचं पत्र आधी दे. तीन महिने त्या बदलीवाल्यानं शेजारच्याच घरात टाकलंय."

आपण दुसऱ्याला मागे ढकलायचं नाही, हा नियम काकांना पाठ होता. पण कुणी आपणहून मागे सरकलं तर? असं कुठल्याच वहीत नव्हतं, आणि मॅडमच्या जाड पुस्तकांतही नसावं, कारण त्या खिडकीत तोंड उघडं टाकून बघत होत्या.

गुरुवारी सकाळी थोरल्या मिस्त्रींनी टपालबाईचं काम स्वतःच्या टेबलावर चढवलं. गवंड्याचा घोटा काकांनी चौथ्यावर घेतला. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बाई दोन आधारदांड्यांच्या मधोमध उभी राहिली. एक पाऊल टाकलं, थांबली. दुसरं टाकलं. मग दांड्यांवरचे हात सोडले.

"चावतोय का?" काकांनी विचारलं.

"थोडा."

"बूटही चावतो," थोरले म्हणाले. "चाला."

रविवारी सकाळी काकूंना स्वयंपाकघरातून ठोकाठोक ऐकू आली. जाऊन बघतात तर काका तोंडात खिळे धरून दारापाशी गुडघे टेकून बसलेले, आणि अकरा वर्षांची सुतळी जमिनीवर पडलेली.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" काकूंनी घाबरून कपाळाला हात लावून पाहिला.

"ही तळाला गेली होती," काका खिळ्यांमधून म्हणाले.

काकूंना काही कळलं नाही. कडी मात्र घट्ट बसली.

सोमवारी काकांनी मॅडमकडून नवा नियम करून घेतला. गेलेल्यांची सरासरी काढायची तर काढा, पण दर शनिवारी पेटी उलटी करून बसलेल्यांचेही दिवस मोजायचे, आणि सगळ्यात जुना पुठ्ठा कुणाचा ते फळ्यावर लिहायचं. उरलेल्या चौघांना पत्र न पाठवता काका स्वतः जाऊन भेटणार होते. पहिला एक म्हातारा वाजंत्री. त्याच्या घरी काय ऐकावं लागेल, या विचारानं त्यांचा चहा समोरच निवत होता.

दुपारी एकच्या सुमारास खिडकीवर टकटक झाली. टपालबाई. खांद्याला पिशवी, कपाळाला घाम, दोन पायांवर सरळ.

"सकाळी नऊला पाच कमी होते तेव्हाच पोचले," ती म्हणाली. "पोस्टमास्तर म्हणाले, चालून दाखवा. मी म्हटलं, दाखवत बसत नाही, कामालाच लागते. पिशवी उचलली आणि निघाले."

"आणि मावशींचं पत्र?"

"आधी तेच दिलं. तिसऱ्या गल्लीत माझंच घर येतं. तर पिशवीत हे निघालं." तिनं एक पाकीट काचेला लावलं. वर छापील अक्षरात कारखान्याचं नाव, खाली बाईचा पत्ता, काकांच्याच हातचा. शनिवारी संध्याकाळी सवयीनं, नियमाप्रमाणे, काकांनी ते टपालाच्या पेटीत टाकलं होतं.

तिनं ते फोडलं होतं. आत एकच ओळ होती. आपला पाय तयार आहे, येऊन घेऊन जावा.

"काका," ती म्हणाली, "मी माझ्याच दारात उभी राहून हाक मारली, टपाल! मग आत गेले आणि घेतलं."

काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून पाकीट घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि परत दिलं. मग शेजारची येणाऱ्यांची वही ओढली, तिचं नाव शोधलं, आणि त्याच्यापुढे शनिवारची, पाय नेल्याची तारीख घातली. एकशे त्र्याऐंशी दिवस, असं त्यांनी ठसठशीत लिहिलं.

"हे कशाला?" बाईनं विचारलं. "चोवीसच लिहा की. कोण बघतंय?"

"सरासरीत धरायचंय," काका म्हणाले, आणि वाजंत्र्याचा पत्ता खिशात घालून चपला शोधू लागले.